टोळधाडीची दवंडी

पूर्वी वेत्रनगरात पुष्यकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा राजलेखक होता. तो वृद्ध होता, पुष्कळ शिकलेला, तरी लिहिलेली ओळ दहादा खोडणारा.

त्या वर्षी पश्चिमेकडचे दूरचे एक तळे आटले आणि तिथली माणसे नदीकाठच्या लव्हाळ्यात येऊन राहिली. राजाने त्यांच्याविषयीच्या दवंडीसाठी मजकूर मागितला. बोधिसत्त्वाने लिहिले, 'पश्चिमेकडून टोळधाड आली आहे.' ही ओळ त्याने खोडली नाही. ती त्याला आवडली होती.

दुसऱ्या सकाळी नदीवर धुके उतरले आहे असे त्याला वाटले. जवळ गेला, तर तो धूर होता. नगरातले लोक ओला कडबा जाळत होते, थाळ्या बडवत होते. कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. टोळ आले की शेतात करायचे, तेच ते करत होते. स्वप्नात चालावे तसा तो धुरात शिरला.

आत कोशा नावाची म्हातारी खोकणाऱ्या नातीला वारा घालत होती.

"टोळ बघायला आलात, बाबा?" ती म्हणाली. "बसा. पंख सापडले की उडून दाखवते."

तो तिच्या चटईवर बसला. चटई गार होती, ओळखीची वाटली.

"माझ्या लिहिण्याच्या जागी अशीच आहे."

"काठ दुहेरी आहे?"

"हो."

"मग आम्हीच विणलेली."

तो दरबारात परतला, तेव्हा राजा म्हणाला, "आता लव्हाळे पेटवायची आज्ञा लिहा. टोळ तिथे अंडी घालतात म्हणे."

"महाराज, तिथे टोळ नाहीत. तो शब्द माझा होता, आणि खोटा होता."

"राजाची दवंडी खोटी ठरवू?"

"लेखकाची ठरवा. मला नगाऱ्यासह गल्लोगल्ली पाठवा."

"लेखणी सोडावी लागेल. आणि संध्याकाळपर्यंत लोक धूर करायचे थांबले नाहीत, तर लव्हाळे पेटेल."

बोधिसत्त्वाने लेखणी खाली ठेवली.

प्रत्येक चौकात तो कापऱ्या आवाजात म्हणाला, "टोळ मी लिहिले. तिथे चटया विणणारी माणसे आहेत." लोक हसले. म्हातारा भ्रमला म्हणाले. आपले कोणी ऐकते आहे का, हे त्याला कळेना. उन्हे कलली तेव्हा नदीकाठी एका बाईने थाळी बडवायची थांबवली, त्याच थाळीत पाणी घेतले आणि कडब्यावर ओतले. मग शेजारणीने ओतले. धूर विरळ होत गेला, तशी लव्हाळ्यात माणसे दिसू लागली.

ही कथा भिक्खूंना सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तो राजा म्हणजे आपल्याला विहारासाठी ही जागा देणारा धनिक श्रेष्ठी. कोशा म्हणजे ती वृद्ध भिक्खुणी, जिच्या चटईवर मी बसलो आहे. आणि तो शब्द लिहिणारा मीच होतो. सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता, मी तिथे, त्या धुरात शिकलो."