कापशीचे डोहाळे

एक होता राजा. पण राजाचं आपण सोडून देऊ, तो बिचारा तोंड उघडायचाच नाही. घरात सगळं बोलणं राणीचं. तिचं नाव हौसा, आणि बाई होतीही तशीच हौशी. पंगतीत स्वतः वाढायला उभी राहायची. कुणी 'नको' म्हटलं की आणखी एक पोळी पानात पडलीच! पाहुणा रडकुंडीला आला तरी हिचा आग्रह चालूच. हसू नको ठके, अशी माणसं आपल्या घरातही आहेत.

मग एकदा काय झालं, राणीला सून आली. गोजरा तिचं नाव. रानाकाठच्या गावातली पोर. तिच्या आईने रुखवतात काय दिलं असेल? एक पांढरीशुभ्र सशीण, कापशी, आणि सोबत एक गाठोडं. गाठोड्यात वाळलेला पाला. तुतीचा, जास्वंदीचा, बोरीचा. सावलीत वाळवलेला, म्हणून अजून हिरवट, आणि हातात घेतला की कुरकुरणारा. आई म्हणाली, "हा कापशीचा खाऊ गं. रोज मूठभर देत जा."

राणीने गाठोडं उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई! राजवाड्यात पाचोळा? लोक म्हणतील, यांच्या घरी सशालाही खायला मिळत नाही!" आणि दिलं की ते सरपणाच्या ढिगात टाकून! आईने एकेक पान निवडून वाळवलेलं, आणि ही म्हणते पाचोळा. गोजराचे कान रागाने तापले. पण नवी नवरी, बोलणार काय? गिळला राग, आणि बागेतलं गवत तोडून कापशीला घालू लागली.

पुढे गोजराला दिवस गेले. आणि गंमत बघा, कापशीलाही! राणीचा आनंद गगनात मावेना. "दोघींचे डोहाळे मी पुरवणार," ती म्हणाली. "कुणी मध्ये पडायचं नाही. आणि ते गवतबिवत आजपासून बंद!"

मग पहिल्या दिवशी आले डिंकाचे लाडू. कापशीने हुंगलं नि तोंड फिरवलं. राणी म्हणाली, "लाजतेय," आणि भरवला. दुसऱ्या दिवशी आली पुरणपोळी, तुपात बुडवलेली. तीही भरवली. तिसऱ्या दिवशी बासुंदी, चांदीच्या चमच्याने. आता तुम्हीच सांगा, ससा तो, पाला खाणारा जीव! त्याच्या पोटात तूप-साखर कोंबली तर काय होणार? कापशीचं पोट फुगलं. लेंड्या बंद झाल्या. हो, लेंड्या! खिदळताय काय मेल्यांनो, सशाच्या लेंड्या थांबल्या की जिवावरचं दुखणं असतं, बरं का. कान पडले, नाक हलेना. पोटात पिल्लं, आणि आईच्या अंगात उभं राहायचं त्राण नाही.

गोजरा तिला मांडीवर घेऊन बसायची. माहेरचं तेवढंच काय ते तिच्यापाशी उरलेलं. "खा गं कापशे, थोडं तरी खा," म्हणायची. तिच्या स्वतःच्याही घशाखाली लाडू उतरत नव्हता. पण ते कुणाला दिसतंय?

मग आला डोहाळजेवणाचा दिवस. फुलांनी मढवलेला झोपाळा, त्यावर हिरवा शालू नेसलेली गोजरा, आणि तिच्या मांडीवर कापशी. कापशीलाही हिरवा खण गुंडाळलेला! बायका गाणी म्हणत होत्या. राणी आली शिऱ्याची वाटी घेऊन. "खा माझी बाय ती!" कापशीने दात आवळले. तर राणी काय करते? बोट घालून तिचं तोंड उघडायला लागली!

गोजरा ताडकन उठली. "हात काढा, सासूबाई!"

गाणं थांबलं. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"डोहाळे कुणाचे पुरवताय? तिचे का तुमचे? ती मरायला टेकली आणि तुम्हाला शिऱ्याची पडलीय! एकदा तरी विचारलंत का, की बाई, तुला काय हवंय?"

राणी लालबुंद झाली. "सशाला काय विचारायचं? तो काय बोलतो होय?"

"बोलो न बोलो, विचारायचं!" गोजरा म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिच्या ध्यानात आलं, आपण तरी कुठे विचारलं? आपणही नुसतं खा खाच करत होतो. मग कापशीला झोपाळ्यावर ठेवून ती वाकली आणि हळूच म्हणाली, "कापशे, तुला काय खावंसं वाटतंय गं?"

आणि कापशी बोलली! "वाळलेला पाला. आपल्या माहेरचा."

सशांना वाचा असते, बरं का. पण त्यांचा मान मोठा. विचारल्याशिवाय चकार शब्द काढत नाहीत.

गोजरा शालू सावरत धावली. डोहाळजेवणाचा स्वयंपाक म्हणून सरपणाचा ढीग संपत आलेला. तळाचं गाठोडं स्वयंपाकिणीने उचललं होतं, चुलीत घालायचंच बाकी. "ठेव खाली!" गोजरा अशी ओरडली की तिच्या हातून ते पडलंच.

मग झोपाळ्यापाशी येऊन गोजराने तुतीचं पान कापशीपुढे धरलं. कापशीचं नाक हललं. जास्वंदीचं धरलं. एक कान उभा राहिला. बोरीचं धरलं, आणि मग कुरुम कुरुम, कुरुम कुरुम! संध्याकाळी झोपाळ्याखाली लेंड्याच लेंड्या. राणीच्या गालिच्यावर! इतक्या आनंदाने लेंड्या कुणी कधी झाडल्या नसतील.

राणीचा आवाज पार उतरला होता. "अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"विचारलं कुठे कुणी?" कापशी म्हणाली.

राणी पाटावर मटकन बसली. म्हणाली, "सूनबाई, तुला काय खावंसं वाटतं?"

गोजराचा राग अजून उतरला नव्हता. "भाकरी! आणि अंबाडीची भाजी, आईच्या हातची! आणि लाडू नकोत, उभ्या जन्मात नकोत!" म्हणाली, आणि हुंदके देऊन रडायलाच लागली. राणीने तिथल्या तिथे रथ जोडायला सांगितला, गोजराच्या आईला आणायला.

डोळे पुसून गोजराने विचारलं, "आणि सासूबाई, तुमच्या वेळी तुम्हाला काय हवं होतं?"

"मला?" राणी दचकली. "मला चिंचेचा कोवळा पाला खावासा वाटायचा. पण कुणाला सांगणार? माझ्या सासूबाई लाडूच भरवायच्या."

तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, "परसात चिंच आहे. मी चढतो."

राजा होता तो! आणि चढला की, मुकुटासकट.

मग कापशीला पिल्लं झाली, गोजराला लेक झाली, आणि राजवाड्याच्या ओसरीवर सावलीत पाला वाळू लागला. सगळी सुखाने राहिली. गोष्ट सरली, आता डोळे मिटा बघू. बापू, चादर घालू का रे? नको? बरं, नाही घालत. पाहिलंस, आधी विचारलं मी.