मातीचा बैल

फार पूर्वी चीन देशात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व चिंगहो नगरात कुंभाराच्या पोटी जन्मला. त्याचे नाव लुओ.

तिथे वसंताच्या पहिल्या दिवशी वेशीबाहेर मातीचा भला मोठा बैल उभा करीत. भर दुपारी नगराधिकारी त्याला पहिला चाबूक मारी, दुसरा गावातले सर्वांत वयस्क माणूस. मग सगळे शेतकरी त्याचे तुकडे करून ती माती मूठमूठ शेतात नेऊन टाकीत. त्याशिवाय नांगराला हात लावायचा नाही, अशी रीतच होती.

बैल दरसाल लुओच घडवी. त्या वर्षी मात्र त्याने तो ओलाच उभा केला. घाई, दुसरे काय! पहाटे मातीतले पाणी गोठले, माती फुटली आणि सकाळी पाहतो तो नुसता चिखलाचा ढीग. दुपारपर्यंत नवा घडवणे शक्यच नव्हते.

नगराधिकारी वेई भलताच तापट. तो गरजला, "मातीचा नाही, तर जिवंत आणा!"

शिपायांनी सरळ गावात सर्वांत वयस्क असलेल्या शू आजीचा हाडकुळा बैल ओढत आणला. आजी दाव्याला लोंबकळली होती. "अहो, एवढाच आहे हो माझा! मारून टाकाल त्याला!"

चूक आपली आणि मार मुक्या जनावराला? लुओला ते पाहवेना. तो पुढे झाला. "सरकार, माती मी ओली ठेवली. त्याला सोडा, त्याच्या जागी मी बैल होतो."

"वेड लागलंय का तुला?" वेई ओरडला.

लुओने अंगभर चिखल थापला आणि तो हातापायांवर ओणवा झाला.

दुपारची घंटा झाली. वेईचा चाबूक कडाडला. चिखलातून रक्त झिरपले.

वेईने चाबूक आजीच्या हाती दिला. "मार! नाहीतर तुझा बैल उभा करतो."

"मारा आजी," लुओ हळूच म्हणाला, "बैल वाचेल तुमचा."

आजीने हात उगारला. पण फटका मारला नाही. तिने चाबूक वेईच्या पायाशी फेकला, गुडघे टेकले आणि लुओच्या पाठीवरची माती अलगद बोटांनी खरवडून मुठीत घेतली. "मिळाली मला माझी माती. आता नांगर धरते."

मग दुसरा शेतकरी वाकला, मग तिसरा. बघता बघता माती संपली. वेई चाबूक उचलून उभाच राहिला; त्याच्यासमोर बैल नव्हता, कुडकुडणारा एक माणूस होता.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा वेई म्हणजे हा आज मान खाली घालून बसलेला तापट भिक्षू तिष्य. शू आजी ही भिक्षुणी सुमना. आणि तो कुंभार मीच होतो. आपल्या चुकीचा मार दुसऱ्या जिवावर पडू न देणे, ही करुणा."