उलटा पडदा

नद्यांना पूल म्हणजे काय हे अजून ठाऊक नव्हते, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. एका नदीच्या उताराशी एक गाव होते आणि गावाच्या तोंडाशीच नावाड्याचे घर होते. घर साधे मातीचे, पण त्याचा मान मोठा. सुगी आटोपली की गावाची पहिली पंगत त्याच अंगणात बसायची आणि प्रत्येक पानावर पहिले मीठ त्या घरच्या थोरलीने वाढायचे. अट एकच होती. मीठ वाढताना चिमूटभरही खाली सांडता कामा नये. सांडले तर तो मान दुसऱ्या घरी जायचा आणि पुन्हा परतायचा नाही.

नावाड्याची आई हा मान वर्षानुवर्षे सांभाळत आली होती. बाई मनाने सरळ आणि जिभेने फटकळ. नदी एक वेळ काठ सोडेल, पण हिच्या चिमटीतले मीठ सुटायचे नाही, असे गावात म्हणत. आपण हे ऐकतो हे ती कुणाला दाखवत नसे, पण ऐकत असे.

या घरात सून आली ती दोन गोष्टी घेऊन. एक, रंगीबेरंगी कापडांचे भले मोठे गाठोडे. आणि दुसरी, चौकस स्वभाव. पहिल्या गोष्टीचे सासरी कौतुक झाले. दुसरीबद्दल तिची आई म्हणायची, "हिला भाकरी वाढा, ती आधी उलटून बघेल, मागं काय आहे म्हणून."

मुलीच्या हातात मात्र कला होती, हे कबूल करायलाच हवे. तिने कापडाच्या तुकड्यांचे तोरण केले. माठाखालच्या चुंबळीला लाल-पिवळ्या पट्ट्या गुंडाळल्या. डब्यांना टोपडी शिवली. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये पडदा लावला, आणि त्यावर रेशमाने असा मोर भरला की आता ओरडतो की मग ओरडतो. एवढ्यावर ती थांबली असती तर ही गोष्ट झालीच नसती. पण तिला दर चार दिवसांनी वाटे, माठ खिडकीपाशी अधिक खुलेल, मडक्यांची उतरंड दाराशी अधिक शोभेल. मग ती लगेच हलवाहलव करी.

गावच्या बायका बघायला येत आणि तोंडात बोट घालून परत जात. एका सासूचे मात्र समाधान होईना.

"माठ कुठाय?" सासूने एकदा विचारले.

"खिडकीपाशी ठेवलाय, सासूबाई. तिथं ऊन येतं ना, चुंबळीचे रंग उठून दिसतात."

"माठ पाणी प्यायला असतो. होता तिथं ठेव."

सुनेने ठेवला, पण आठवड्याने उतरंड हलवली. सासूची नडगी तिच्यावर आपटली आणि वरची दोन मडकी फुटली. मग सासूचा पारा चढला. तिने तोरण ओढून काढले, डब्यांची टोपडी काढून कोपऱ्यात टाकली आणि म्हणाली, "घर म्हणजे काय जत्रा आहे, रोज नवीन पाल ठोकायला?"

सून नदीवर धुणे धुताना रडली. शेजारीण बाजूलाच होती, आणि शेजारीण म्हटली की सल्ला आलाच. "जळतात गं अशा," ती म्हणाली. "आपल्याला जे जमलं नाही ते सुनेला जमलं की पोटात दुखतं." शेजारणीचे बोलणे गोड होते. नावाड्याच्या घरचा मान कधी गेलाच, तर तो तिच्याच घरी येणार होता, एवढे ध्यानात ठेवून पुढे ऐका.

सुनेला ते अर्धे पटले. उरलेल्या अर्ध्यात मात्र एक गोष्ट बसेना.

लहानपणी ती शिवायला शिकली तेव्हा तिने एक जाडेभरडे फडके शिवले होते. टाके वाकडे, जागोजागी गाठी, दोरा सुतळीसारखा. ते तिने पाय पुसायला उंबऱ्याशी टाकले होते. सासूने घरातले सगळे सुंदर काढून टाकले आणि हे फडके तेवढे उचलून, धुऊन, कोठीच्या दाराला खिळ्यावर अडकवले. येता-जाता ती त्याला हात लावी. सुनेच्या डोक्यात भुंगा शिरला. हिला माझे काम आवडत नाही म्हणावे, तर त्यातले सर्वांत वाईट तेवढे कसे आवडले?

तिने भाकरी उलटून बघायचे ठरवले.

काही दिवस ती नुसती बघत राहिली. सासू चुलीपुढे बसे तेव्हा तिचा हात न चुकता मिठाच्या बरणीवर पडे. अंगणात कोण आले ते ती पावलांवरून ओळखे आणि नाव घेऊन हाक मारी. मोराकडे मात्र तिने कधी नजर वळवली नाही. पण यातून काय समजायचे ते सुनेला समजेना, आणि सासूला थेट विचारायची तर छाती नव्हती.

मग एके दिवशी तिने पडदा धुतला आणि घाईत परत लावला. शेजारीण विस्तव मागायला आली आणि दारातच हसू लागली. "अगं, पडदा उलटा लावलास की! मोराची सगळी आतडी बाहेर आलीत." हसत हसत ती विस्तव घेऊन गेली. सून बघते तो खरेच. रेशमी मोर पलीकडे गेला होता आणि या बाजूला नुसत्या गाठी, सुटलेले धागे, एकावर एक गेलेले दोरे. ती काढायला उठली, तेवढ्यात सासू परसातून आली. तिचा हात पडद्यावर पडला आणि तिथेच थांबला. बोटे एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर हळूहळू चालू लागली.

"हा नवीन केलास?" सासूने विचारले.

पडदा काढायला पुढे केलेला हात सुनेने मागे घेतला.

"आता कुठं काही चांगलं केलंस बघ. आधीचा कसला तो गुळगुळीत, हाताला काही कळायचंच नाही. हा कसा, हात लावला की समजतं, आपण स्वयंपाकघराच्या दारात आलो."

सुनेने सासूच्या डोळ्यांकडे पाहिले. ते पडद्याकडे लागलेले होते, पण पडद्याच्या वीतभर बाजूला. आणि मग माठ, नडगी, फुटलेली मडकी, तोंडावर घासणारे तोरण, सगळे एकदम तिच्यासमोर उभे राहिले. सासूला दिसत नव्हते. डोळे हळूहळू कधी विझत गेले कोण जाणे, पण आता ती या घरात हातांनी आणि पायांनी बघत होती. जी वस्तू जागच्या जागी होती ती तिला दिसत होती. आणि आपण काय केले, तर दर चार दिवसांनी ते घर तिच्या हातातून काढून घेतले. सुनेला स्वतःची फार लाज वाटली. ती एवढेच म्हणाली, "हो सासूबाई. नवीनच आहे."

पडदा तसाच उलटा राहिला.

आता पेच असा होता. सुगी संपत आली होती. नवऱ्याला सांगावे, तर तो आईला अंगणात पाऊल टाकू देणार नाही. गावाला कळले, तर आंधळीच्या हाती मीठ कोण देईल? आणि गप्प बसावे, तर भरल्या पंगतीत मीठ सांडणार. सासूने जन्मभर जे जपले ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जाणार.

सुनेने उतरंड जुन्या जागी नेली. जे जे हलवले होते ते सगळे जागच्या जागी लावले. मग घरात कुणी नसताना तिने डोळ्यांवर पदर बांधला आणि घरभर हिंडली. कपाळ खांबावर आपटले, पाय परातीत पडला, पण तिची उत्सुकता वाढतच गेली. आपण एवढे सजवलेले घर हाताला मुके आहे, हे तिला कळले. ती पुन्हा शिवायला बसली. कोठीच्या फडक्याला काथ्याची किनार आली. मागच्या दाराच्या पडद्याला दोन घुंगरू आले. देवळीखाली, दिवा असतो तिथे, चिंचोके भरलेली पट्टी आली. बघणाऱ्याला ती नक्षी वाटे. सासूने एकेक गोष्ट चाचपून पाहिली. तिची चाल पूर्वीसारखी झपाझप होऊ लागली.

पंगतीच्या आदल्या दिवशी सुनेने कापडाच्या चिमण्यांची टोपली सासूपुढे ठेवली. मुठीएवढी चिमणी, पोटात वाळू, टोकदार चोच, रुंद शेपूट.

"अंगणात वारा असतो," सून म्हणाली. "पानं उडू नयेत म्हणून प्रत्येक पानाच्या शेंड्याला एकेक चिमणी ठेवणार आहे. आणि वाढणाऱ्यासाठी पानांपुढून एक पायघडी. जिथं पान, तिथं पायाखाली एक जाड गाठ. जरा हात लावून बघता, बरी झालीय का?"

सासूने एक चिमणी हातात घेतली. शेपटीपासून चोचीपर्यंत बोट फिरवले.

"चोच कुठल्या बाजूला करशील?" तिने विचारले.

"मीठ वाढतात त्या बाजूला."

सासूने चिमणी तळहातावर तोलून पाहिली. "वाळू चांगली जड आहे," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

पंगत बसली. हिरव्या पानांच्या शेंड्याला रंगीत चिमण्या, पानांपुढून लांबच लांब पायघडी. लोक वाकून वाकून बघत होते. सासू मिठाचे भांडे घेऊन निघाली. पायाला गाठ लागली की ती थांबे, वाके, डावा हात चिमणीला लावी आणि चोचीपुढे अलगद मीठ ठेवी. एक पान झाले, दुसरे झाले, अर्धी पंगत झाली. सून टोकाला पाण्याची कळशी घेऊन उभी होती आणि मनातल्या मनात गाठी मोजत होती.

शेजारणीच्या पानापाशी सासूच्या पायाला गाठ लागली. ती वाकली. डावा हात पानावर गेला आणि तिथे काहीच नव्हते. चिमणी शेजारणीने उचलून मांडीवर घेतली होती. निव्वळ बघायला की आणखी कशाला, ते तिचे तिला ठाऊक.

सासूच्या चिमटीत मीठ होते. हात हवेत थांबला. सुनेने कळशी खाली ठेवली, पण ती पोहोचण्याआधीच सासू सरळ उभी राहिली.

"इथली चिमणी कुठं गेली?"

"मी घेतली," शेजारीण म्हणाली. "आत वाळू आहे की भुसा, ते बघत होते. पान समोर तर आहे, वाढा की. चिमणीवाचून मीठ अडतं होय?"

"अडतं," सासू म्हणाली. मग तिने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली. "मला पान दिसत नाही. तुम्ही कुणीच दिसत नाही. हा मान जाईल म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. पोटच्या पोरालासुद्धा नाही. सुनेला मी बोलले नाही आणि तिनं मला विचारलं नाही. तिनं फक्त माझ्या हातांना दिसेल असं घर केलं, आणि तिनं सजवलेल्या घराला मी जत्रा म्हणाले होते."

शेवटी पंगतीतला सर्वांत म्हातारा माणूस उठला. तो पायघडीच्या पहिल्या टोकाशी गेला आणि तिच्यावरून, पानांच्या कडेच्या जमिनीवरून तळहात फिरवत आला. आल्यावर त्याने हात झटकला. धुळीशिवाय त्यातून काही पडले नाही.

"रिवाज मिठाचा आहे," तो म्हणाला. "डोळ्यांचा कुणी सांगितला नव्हता. वाढा बाई, भूक लागलीय."

शेजारणीने खाली मान घालून चिमणी पानाच्या शेंड्याला ठेवली, पण गडबडीत उलटी. सासूने हात लावला, चिमणी फिरवली, चोच नीट केली आणि तिच्यापुढे मीठ ठेवले. शेवटच्या पानापर्यंत एक कण सांडला नाही. नावाड्याने जेवण झाल्यावर आईचे हात धुतले आणि कितीतरी वेळ ते सोडलेच नाहीत.

त्यानंतर सासूने ते मीठ आणखी बरीच वर्षे वाढले. तिच्या माघारी सुनेने वाढले, तेही चिमणीच्या चोचीपुढेच. पडदा मात्र कधी सुलट झाला नाही. पाहुणे विचारत, तेव्हा सून म्हणे, "हात लावून बघा."

आणि शेजारीण? ती पंगतीच्या दुसऱ्याच दिवशी कापडाचा तुकडा घेऊन आली. घरी तिचीही सासू म्हातारी होत चालली होती.

"मलाही तसली चिमणी शिकव," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

"सुई राहू दे," सून म्हणाली. "आधी डोळे मिट."

तात्पर्य: घर बघायला येणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी नव्हे, त्यात राहणाऱ्यांच्या हातांसाठी सजवावे.