ओरखडा

“...पण छंद म्हणजे आसक्ती, असं थोडंच आहे, बुवा?”

यशोधन बेलसरे मठाच्या ओसरीवर बसून मघापासून हेच विचारत होता. बांधकामाच्या धंद्यात त्याने बक्कळ कमावलं होतं आणि भरीव सोन्याची घड्याळं जमवायचा त्याला नाद होता. बुवांचा अनुग्रह हवा होता, पण आपल्यात काही कमी आहे हे मात्र त्याला कबूल नव्हतं.

शिवरामबुवा तुळशीची माळ ओवत होते.

“काय आवडतं रे त्यात?”

यशोधन खुलला. “वजन! मनगटावर चढवलं की चालच बदलते. आणि सोनं कसं, वर्षानुवर्षं तसंच राहतं. मी स्वतः मऊ फडक्याने पुसतो. नोकरांना हात लावू देत नाही.”

“आणि घरच्यांना?”

“त्यांची काही तक्रार नाही. माझ्या छंदाचा कुणालाच त्रास नाही, बुवा. आईलाच विचारा.”

आई खांबाला टेकून बसली होती. ती नुसतीच हसली.

“आधी त्यांना देवाच्या पाया पडवून आण,” बुवा म्हणाले. “मग बोलू.”

यशोधनने आईला उठवायला हात पुढे केला. तिने पदर ओढला, आपल्या बांगड्यांभोवती घट्ट गुंडाळला आणि मगच त्याचं मनगट धरायला हात उचलला.

“आई, हे काय हो?” बुवांनी विचारलं.

“काही नाही, महाराज. बांगडी लागली की घड्याळावर ओरखडा उठतो.” मग लगबगीने म्हणाली, “तो काही बोलत नाही हं. एकदाच ओरडला होता.”



यशोधनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज डोळ्यांसमोर घडत होतं आणि त्याला ते दिसलंच नव्हतं. त्याने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि बुवांच्या पायांशी ठेवलं.

“ठेवून घ्या, बुवा. घरातली सगळी आणून देतो. नकोत मला.”

बुवांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आई ताटकळल्यात,” एवढंच म्हणाले.

यशोधनने मोकळा हात पुढे केला.

आईने पदर ओढला. बांगड्यांभोवती नीट गुंडाळला. मग त्याचं उघडं मनगट अलगद धरलं.

“आई, अगं... काढलंय मी ते.”

“असू दे रे,” ती म्हणाली. पदर तसाच राहिला.

यशोधनला मान वर करवेना. खालच्या आवाजात त्याने विचारलं, “बुवा, आता अनुग्रह...?”

“तुझ्या हातातलं तू काढलंस,” बुवा म्हणाले. “तिच्या हातावरचा पदर सुटला, की ये.”