भाऊसाहेबांचं घड्याळ घरी आलं

"माझं तोंड माझ्याच घरी कुणी पाठवलं?" भाऊसाहेब कडलग गरजले.

नाशकातल्या त्यांच्या तीन मजली 'आहेर-महाल' दुकानातले सगळे नोकर माना खाली घालून उभे राहिले. टेबलावर एक खोका, खोक्यात भिंतीवरचं घड्याळ आणि घड्याळात भाऊसाहेबांचा हसरा फोटो! गेल्या वर्षी साठीला त्यांनी ही घड्याळं पाहुण्यांना वाटली होती. कुणीतरी खोका न उघडताच पुढे ढकलला, त्याने आणखी पुढे, आणि फिरत फिरत घड्याळ काल भाऊसाहेबांच्याच नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आहेर म्हणून हजर झालं. कागद मात्र नवा कोरा, मोरपंखी!

त्या कागदाकडे पाहून विजू बोराडेला राहवलं नाही. विजू दुकानात आहेर बांधून द्यायची. कामाला चोख, पण उचलली जीभ लावली टाळ्याला!

"अगंबाई! हा कागद तर मीच लावलाय!"

झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विजूने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"तू?"

"मला काय ठाऊक आत तुम्ही आहात! बंद खोका आला, मी बांधून दिला. 'जुन्या आहेराला नवा कागद' अशी पाटी तुम्हीच लावलीय ना? सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असते, भाऊसाहेब!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. भाऊसाहेब लालबुंद झाले.

"असं का! माझं नाक तुझ्या हातून कापलं गेलं, आता तूच ते जोड! पुढच्या महिन्यात पोरीचं लग्न आहे. पाहुण्यांना अशी भेट द्यायची, की ती कुणाला पुढे देता येणार नाही, कुणी माळ्यावर टाकणार नाही, आणि घरोघर माझं नाव निघेल. सोमवारी सकाळी उत्तर हवं. नाहीतर दुसरीकडे काम बघ!"

विजूच्या तोंडचं पाणी पळालं. घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं. नवरा गेल्यापासून दोन पोरींची शाळा तिच्याच जिवावर. "आणखी बोल," ती वाटभर स्वतःलाच म्हणत राहिली, "फार शहाणी ना तू! बोल आणखी!"

रविवार उजाडला तरी डोक्यात काही येईना. त्यात संध्याकाळी मावसबहिणीच्या नातवाचं बारसं, आणि आहेर आणायचा राहिलेला! मग काय, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! जगाच्या खोक्यांना हसणारी विजू स्टुलावर चढली आणि माळा धुंडाळू लागली.

सरबताचा सेट मिळाला. पण तो याच मावसबहिणीने दिलेला! फुलदाणी मिळाली, तिला टवका. खाली उतरली तर ओट्यावर पोह्यांचा स्टीलचा डबा चमकत होता. "हाच रिकामा करते. चिंचेनं घासला की नवाच!" पोहे परातीत ओतून तिने डबा उलटा केला, आणि बुडाशी नाव दिसलं: 'चि. वैजयंता'. लग्नात आत्याने विजूचं पूर्ण नाव घालून दिलेला.

"मेली आत्या, पक्की होती!" विजू कपाळावर हात मारून म्हणाली. मग डब्याकडे पाहत एकटीच हसत सुटली. पोरी म्हणाल्या, आईला झालंय तरी काय!

सोमवारी ती डबा घेऊनच भाऊसाहेबांपुढे उभी राहिली.

"हा काय प्रकार?"

"भेट! प्रत्येक घराला एक डबा द्या."

"कडलगांच्या लग्नात स्टीलचा डबा? लोक हसतील!"

"हसू द्या, उघडतील तरी! खोका नाही, कागद नाही. आत बेसनाचे लाडू भरायचे. रिकामं भांडं देऊ नये म्हणतात ना?"

"लाडू खातील आणि डबा पुढे देतील!"

"कसा देतील? डब्यावर, अगदी समोर, घरच्या बाईचं नाव घालायचं. समजा, ढिकल्यांकडे दिला, तर 'सौ. शालिनी ढिकले' असं नाव घातलेला डबा शालिनीताई कुणाच्या वास्तुशांतीला नेणार?"

भाऊसाहेब खुर्चीत जरा पुढे सरकले. "मग माळ्यावर टाकतील."

"स्वतःचं नाव माळ्यावर? छे! ओट्यावर ठेवतील, तेही येणाऱ्याला नाव दिसेल असं. माळ्यावर कुणाला टाकतात ते घड्याळाला विचारा!"

"जीभ सांभाळ! आणि माझं नाव कुठे घालणार?"

"कुठेच नाही."

"काय?" भाऊसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "खर्च माझा, लाडू माझे, आणि नाव ढिकल्यांचं?"

"तुमचं नाव घातलं, तर शेजारीण ते वाचेल आणि गप्प बसेल. पण शालिनीताईंचं नाव दिसलं, की ती विचारल्याशिवाय राहायची नाही, 'अगं, इतक्या प्रेमानं तुझं नाव घालून कुणी गं दिला?' मग शालिनीताईच सांगतील, 'कडलगांच्या भाऊसाहेबांनी!' जी जी शेजारीण येईल, तिला हेच सांगतील. घरोघर नाव निघायला हवं होतं ना तुम्हाला?"

 भाऊसाहेबांच्या पोटातून असं हसू फुटलं, की खालच्या मजल्यावरची गिऱ्हाइकं वर बघू लागली.

"जन्मभर दुसऱ्यांना आहेर विकले," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि द्यायची वेळ आली तेव्हा लोकांच्या भिंतीवर स्वतःचं थोबाड टांगायला निघालो! विजू, नोकरी तुझी पक्की. शिवाय दुकानातलं काहीही उचल, तिन्ही मजले तुला मोकळे!"

विजूने घाईघाईने हात जोडले.

"वस्तू नको हो, भाऊसाहेब! त्यापेक्षा पगार वाढवा. तो कधी माळ्यावर चढेपर्यंत टिकत नाही!"

भाऊसाहेब पुन्हा खो खो हसले, आणि त्याच महिन्यापासून विजूचा पगार दीडपट झाला.