डेअरीतली रिकामी डोकी

हेळेवाडीच्या दूध डेअरीतला पावत्या काढायचा कॉम्प्युटर एकदाचा मेला. पावती निघेना, टँकर थांबेना, बायकांचं दूध माघारी जाऊन नासायला लागलं. नवा घ्यायची ऐपत नव्हती. दुकानदारानं एकाच भावात दोन जुने दाखवले. एकाचा प्रोसेसर चार कोरचा, म्हणजे चार डोक्यांचा, पण मंद. दुसऱ्याला डोकी दोनच, पण चपळ.

अध्यक्ष रंगरावांना यातलं काही कळत नव्हतं, म्हणून संचालकांच्या बैठकीत तेच आधी बोलले. “चारचाच घ्या. चार डोकी जास्त काम करतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं.”

पावत्या काढणारी छबूताई म्हणाली, “अध्यक्षसाहेब, आपला प्रोग्राम जुना. तो एकाच डोक्याला राबवतो, बाकीची बसून राहतात.”

“असं कुठं असतं होय?”

“इथंच की. संचालक मंडळात अकरा डोकी आहेत. ठरवता एकटे तुम्ही, बाकीचे दहा चहा पितात.”

रंगरावांनी रागानं संचालकांकडं पाहिलं. “हिचं बोलणं पटतंय का कुणाला?”

प्रश्न संपायच्या आतच दहाही माना होकारार्थी हलल्या. त्यांना दुसरी सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोन डोक्यांचा कॉम्प्युटर आला, आणि दूध टँकरात गेलं.