ठुमकीचा गोळा

एका माळावर होती एक शेणभुंगी. काळी काळी, चकचकीत, बोराच्या बीएवढी. नाव तिचं ठुमकी.

ठुमकीने केला होता एक गोळा. कशाचा? शेणाचा! ए, नाकं नका मुरडू. शेणाचा म्हणजे शेणाचाच. गोल गोल, मऊ मऊ, झक्कास.

ठुमकीला घालायचं होतं अंडं. अंडं घालायचं गोळ्यात. बाळ येणार गोळ्यात. घरही तेच नि खाऊही तोच. म्हणून ठुमकी गोळा ढकलत होती मागच्या पायांनी, उलटी उलटी. हुप्पा हुय्या! हुप्पा हुय्या!

तेवढ्यात आला उतार. गोळा सुटला. गडगड, गडगड, गडगड... डुबुक!

गोळा गेला ओढ्यात. पाण्यात विरघळून गेला. संपलं!

"अगं बाई गं!" ठुमकी म्हणाली. "आता माझं बाळ राहील कुठे? खाईल काय?"

रडत कोण बसतंय? ठुमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली म्हशीकडे.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, शेण टाक ना गं!
गोळा माझा होईना!
आता बाई, करू काय?"

म्हैस म्हणाली, "शेण? सकाळचं होतं ते तू नेलंस की! आता पोट माझं रिकामं. गवत वाढेल, तर मी खाईन. मी खाईन, तर शेण टाकीन. हम्मा!"

ठुमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली गवताकडे.

"गवतदादा, गवतदादा, वाढ ना रे!
म्हैस शेण टाकीना,
गोळा माझा होईना!
आता बाई, करू काय?"

गवत होतं पिवळं पिवळं. मान टाकून उभं. म्हणालं, "ऊन तर सूर्यबाप्पा रोज ताट भरून वाढतो. पण नुसत्या उन्हाने पोट भरतं का? माती खाऊ देईल, तर मी वाढेन. सळसळ!"

ठुमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मातीकडे गेली... अहो, माती तर तिथेच होती! पायाखाली! ठुमकी खाली वाकली.

"मातीआई, मातीआई, खाऊ दे ना गं!
गवत काही वाढेना,
म्हैस शेण टाकीना,
गोळा माझा होईना!
आता बाई, करू काय?"

माती म्हणाली, "खाऊ आहे गं माझ्यापाशी. पण अंग झालंय घट्ट. मुळं आत शिरतील कशी? गांडूळ मला पोखरील, तर मी खाऊ देईन."

ठुमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. एका भोकात डोकावली. आत होते गांडूळकाका. वेटोळं घालून गाढ झोपले होते.

"गांडूळकाका, गांडूळकाका, पोखरा ना हो!
माती खाऊ देईना,
गवत काही वाढेना,
म्हैस शेण टाकीना,
गोळा माझा होईना!
आता बाई, करू काय?"

गांडूळकाकांनी दिली जांभई. म्हणाले, "उपाशीपोटी कामं सांगतेस होय गं? मला आवडतं कुजकं पान. उंबर पान टाकील, तर मी पोखरीन. वळवळ!"

ठुमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखले. दम लागला. तरी गेली उंबराकडे.

"उंबरआजोबा, उंबरआजोबा, पान टाका ना हो!
गांडूळ माती पोखरीना,
माती खाऊ देईना,
गवत काही वाढेना,
म्हैस शेण टाकीना,
गोळा माझा होईना!
आता बाई, करू काय?"

उंबरआजोबा म्हणाले, "नवी पालवी येईल, तर जुनं पान पडेल. पालवीला हवा जोर. माझ्या मुळाशी आण बघू चिमूटभर... शेण!"

"शेण?" ठुमकी ओरडली. "आजोबा, शेणासाठीच तर मी वणवण फिरतेय!"

आणि ठुमकी बसली मटकन. आता मात्र तिला रडू आलं. मुसूमुसू, मुसूमुसू.

डोळे पुसायला तिने पाय उचलला. मागचा पाय. तर काय! पायाला चिकटलं होतं शेण. एवढंसं. मोहरीएवढं.

बाळासाठी एवढंच तर उरलं होतं! देऊ का नको? देऊ का नको?

मोहरीएवढ्या शेणात बाळ काही मावत नाही.

ठुमकीने जमीन उकरली. खरखर, खरखर. मुळाशी शेण ठेवलं. वर माती लोटली.

"घ्या आजोबा. होतं नव्हतं ते दिलं."

मुळांनी चाखलं. सुर्र सुर्र! फांदीवर फुटली पालवी, लाल लाल, लुसलुशीत. जुनं पान म्हणालं, "सरकतं हं मी!"

टप्!

उंबराने पान टाकलं. पान कुजलं, मऊ झालं. गांडुळाने ते खाल्लं नि माती पोखरली. वळवळ वळवळ! माती झाली भुसभुशीत. मातीने गवताला खाऊ दिला. गवत वाढलं. हिरवंगार! सळसळ सळसळ! म्हशीने गवत खाल्लं. कचाकचा कचाकचा! म्हशीचं पोट भरलं. म्हशीने शेपूट उचललं आणि...

थप्प!!!

केवढं शेण! गरम गरम! ठुमकी तर त्याच्यामागे दिसेचना!

"घे गं बाई," म्हैस म्हणाली, "हवं तेवढं घे."

ठुमकीने केला गोळा. गोल गोल, मऊ मऊ, झक्कास. ढकलला उलटी उलटी. हुप्पा हुय्या! हुप्पा हुय्या! पण उताराच्या बाजूने नाही हं! आता ती शहाणी झाली होती. गोळा ठेवला बिळात. त्यात घातलं एक अंडं.

काही दिवसांनी अंड्यातून आलं बाळ. पांढरं पांढरं, गुबगुबीत. आल्या आल्या खायला लागलं. मटामटा, मटामटा.

"आई, हा खाऊ कोणी दिला?"

"म्हशीने दिला."

"म्हशीला कोणी दिला?"

"गवताने दिला."

"गवताला?"

"सूर्याने दिलं ऊन, मातीने दिला खाऊ."

"मातीला?"

"गांडुळाने मदत केली."

"गांडुळाला?"

"उंबराने दिलं पान."

"आणि उंबराला?"

ठुमकी हसली. मागचा पाय हळूच हलवला.

"मी दिलं, राजा. मोहरीएवढं."

गोळा फिरला गोल गोल,
गोष्ट फिरली गोल गोल,
गोळा शिरला बिळात,
गोष्ट शिरली कानात!